यादीतला देश आणि चौकटीबाहेरची माणसे

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की आमच्या निवासाच्या ओटीवर एक ठरलेले दृश्य दिसू लागते. बाप्तिस्म्याचा दाखला किंवा लग्नाची नोंद यासाठी आलेली माणसे काम आटोपले तरी लगेच उठत नाहीत. पिशवीतून एखादी रंगीत पुस्तिका निघते, नाहीतर एखाद्या नियतकालिकाचा पर्यटन विशेषांक. ‘भारतातील दहा सर्वोत्तम स्थळे’, ‘सुट्टीसाठी देशातील पंचवीस निवडक ठिकाणे’ अशी आतल्या लेखांची शीर्षके असतात. मग प्रश्न येतो : “फादर, तुम्ही बराच देश पाहिलात. यांतले खरोखर चांगले कुठले?”

प्रश्न साधा आहे. पण उत्तर देताना आमची नेहमी अडचण होते. म्हणून यंदा आम्ही एक केले. ओटीवर जमलेल्या या पुस्तिका आणि विशेषांक एकत्र करून, कादंबरी किंवा कवितासंग्रह वाचावा तशा गांभीर्याने वाचून काढले. आपल्या घरांतून आज सर्वाधिक वाचले जाणारे प्रवासवाङ्मय बहुधा हेच आहे. त्याची समीक्षा मात्र कोणी करीत नाही. ती येथे करण्याचा विचार आहे.

प्रथम या लेखनाच्या बाजूने जे बोलायचे ते बोलू. यादीला नाके मुरडणे सोपे आहे. ज्याला वर्षाकाठी आठ दिवसांची रजा मिळते, ज्याच्या घरी दोन शाळकरी मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेली आई आहे, त्याला हिमालयाचे काव्य नको असते. गाडी कुठे बदलायची आणि मुक्कामाला गरम पाणी मिळेल का, हे हवे असते. सरकारी नोकरांना चार वर्षांच्या गटात एकदा देशात कुठेही जाण्यासाठी प्रवाससवलत मिळू लागली, सहल कंपन्यांनी मराठी स्वयंपाकी बरोबर घेऊन मनालीत वरणभात वाढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे कारकुनाच्या कुटुंबाने हिमशिखर पाहिले. एकेकाळी दूरचा प्रवास धनिकाने करावा, यात्रेकरूने करावा किंवा सैनिकाने करावा. तो सर्वसामान्य संसारी माणसाच्या आवाक्यात आणण्याच्या कामी या याद्यांचाही वाटा आहे. हे ऋण मान्य करूनच आमची तक्रार मांडीत आहोत.

पहिली तक्रार भाषेची. या लेखांतील विशेषणे एका साच्यातून निघालेली आहेत : नयनरम्य, मनमोहक, पृथ्वीवरील स्वर्ग. त्याहून गमतीची आहेत ती उपमाने. शिलाँग म्हणजे ‘पूर्वेचे स्कॉटलंड’ आणि कूर्ग म्हणजे ‘भारताचे स्कॉटलंड’. एकाच देशात दोन स्कॉटलंड! हिमाचलातील खज्जियार हे ‘मिनी स्वित्झर्लंड’, काश्मीरमधील बैसरनही ‘मिनी स्वित्झर्लंड’. अलप्पुळा ‘पूर्वेचे व्हेनिस’. आपल्या देशातले गाव चांगले आहे हे सांगण्यासाठी त्याला युरोपातील गावाचे प्रमाणपत्र जोडावे लागते, यात लेखकाचे सारे दारिद्र्य आले. कूर्गच्या डोंगरावरची कॉफी आणि मिरीचे वेल, अलप्पुळाच्या खाडीत समुद्रसपाटीच्याही खाली, बांध घालून केलेली भातशेती, यांना स्कॉटलंडमध्ये किंवा व्हेनिसमध्ये जोड नाही. उपमा जे एकमेवाद्वितीय आहे तेच नेमके झाकून टाकते.

अतिशयोक्तीची बाधा लेखांपुरती राहत नाही, ती रस्त्यावरच्या पाटीलाही होते. लडाखमधील खारदुंग ला या खिंडीत १८,३८० फूट अशी उंची लिहिलेली पाटी वर्षानुवर्षे उभी होती आणि प्रवासी तिच्यापुढे छायाचित्रे काढीत होते. मोजणीत ती उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरते. ही खिंड खऱ्या उंचीनेही कोणाला धाप लावील अशी आहे. तिला आठशे फूट उसने घेण्याची गरज नव्हती. याद्या मात्र तो मोठा आकडा जसाच्या तसा उचलतात. आणि लेह शहरच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, विमानाने उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांती घेतली पाहिजे, हे म्हाताऱ्या आईला बरोबर नेणाऱ्या वाचकाच्या खरोखर उपयोगाचे वाक्य शेवटच्या ओळीत येते, किंवा येतच नाही.

दुसरी तक्रार इतिहासाची. याद्या वाचताना वाटते की ही ‘सर्वोत्तम’ स्थळे कोणी निरपेक्ष परीक्षकाने निवडली असावीत. वस्तुस्थिती निराळी आहे. यादीतील मोठा भाग दोन जुन्या थरांचा बनलेला आहे. एक थर तीर्थक्षेत्रांचा. चार धामांसारखी देशाच्या चार टोकांना नेणारी योजना त्यातली. दुसरा थर इंग्रज अंमलदारांच्या सोयीचा. सपाटीवरचा उन्हाळा त्यांना सोसवेना, म्हणून ‘थंड हवेचे ठिकाण’ ही कल्पना जन्माला आली. १८६४ मध्ये सिमला उन्हाळ्यातली राजधानी झाली. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरान हेरले आणि १९०७ मध्ये तेथे झुकझुक गाडी पोहोचली. उटी वसवण्याचे श्रेय कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन यांना दिले जाते. त्या निलगिरीच्या पठारावर तोडा लोक आपल्या म्हशींचे कळप राखीत कितीतरी आधीपासून राहत होते, हे श्रेय देणाऱ्यांना आठवत नाही. साहेब गेला, पण त्याची यादी आपण जपून ठेवली आणि तिला ‘आमची आवड’ म्हणू लागलो.

त्याचा परिणाम काय झाला? अफाट, विविध देशातील सारी सुट्टी मोजक्या डोंगरमाथ्यांवर जाऊन आदळते. २०१८च्या उन्हाळ्यात सिमल्यात पाण्याची अशी टंचाई झाली की पर्यटकांनी यंदा येऊ नये, असे तेथील रहिवासीच विनवू लागले. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या वाहनांना ई-पास घ्यावा लागू लागला. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांच्या भिंतींना तडे गेले, कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली. जोशीमठच्याच वर असलेल्या औलीच्या बर्फाची वर्णने विशेषांकांतून त्यानंतरही येत राहिली. खालच्या गावाला काय झाले याचा उल्लेख आम्हांला चाळलेल्या अंकांत आढळला नाही.

येथे आम्ही आमच्या मुख्य तक्रारीपाशी आलो. यादीच्या चौकटीत डोंगर असतो, धबधबा असतो, पाहुणा असतो. यजमान नसतो.

सेमिनरीत असताना आमच्या वर्गात मेघालयातील एक खासी बंधू होते. भूगोलात वाचलेल्या चेरापुंजीविषयी आम्ही कौतुकाने विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, आमच्याकडे हिवाळ्यात बायका पाण्यासाठी लांब चालत जातात. आम्हांला ते खरे वाटेना. जगातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशात पाण्याची वणवण? पण ते खरेच आहे. शेजारच्या मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तो उतारावरून धावत जातो, जमिनीत मुरत नाही, आणि कोरड्या महिन्यांत झरे आटतात. यादीत या प्रदेशाला ‘ढगांचे घर’ म्हटलेले असते. त्या घरात हंडा घेऊन निघालेली बाई कोणत्याही छायाचित्रात नसते.

त्याच प्रदेशातील जिवंत मुळांचे पूल आता बहुतेक याद्यांत आले आहेत. ‘निसर्गाचा चमत्कार’ असे त्यांचे वर्णन केले जाते. हे वर्णन चुकीचे आहे, आणि ही चूक किरकोळ नाही. रबरवर्गीय वडाची मुळे ओढ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठाकडे वळवीत, गुंफीत नेणे हे माणसाचे काम आहे. पूल पायाखाली भक्कम व्हायला पंधरा-वीस वर्षे आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो. लावणारा बहुधा नातवंडांसाठीच लावतो. नोंगरियात येथील दुमजली पुलाकडे जायला तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तेथील लोक ओझे घेऊन त्या रोज चढतात. ज्या लेखाला यात निसर्गच दिसतो आणि माणूस दिसत नाही, त्याने पूल पाहिला असे आम्ही म्हणणार नाही.

याउलट आपल्या भाषेतील जुने प्रवासलेखन पाहावे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते हवापालट म्हणून नव्हे. घरी कर्ज होते. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा मिळेल, या आशेने ते निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला, वाटेत लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. या पुस्तकात दोषही आहेत. ऐकीव हकिकतींना त्यात पाहिलेल्या गोष्टींच्या शेजारी जागा मिळते, आणि जातीच्या चौकटीबाहेरचे जग भटजींना क्वचितच दिसते. परंतु त्यांची झाशी हे ‘स्थळ’ नाही. तेथे माणसे जेवतात, घाबरतात, मरतात. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’मधील नर्मदापरिक्रमेतही तेच. परिक्रमावासी नदी उजवीकडे ठेवून चालतो आणि काठावरच्या लोकांनी घातलेल्या भिक्षेवर जगतो. यजमानाचे दार उघडले नाही तर त्याचा प्रवासच खुंटतो, म्हणून यजमान त्याच्या लेखनातून गळू शकत नाही. आजचा प्रवासी पैसे मोजतो; त्यामुळे यजमान त्याला दिसला नाही तरी चालते. दोन्ही वाङ्मयांतला फरक शैलीपेक्षा या अवलंबनाचा आहे, असे आमचे मत झाले आहे.

हे आम्ही दुरून बोलत नाही. वाचकहो, आपण वसईची माणसे स्वतःच कोणाच्या तरी यादीत आहोत. ‘मुंबईजवळची एकदिवसीय सहल’ या सदरात आपला किल्ला आणि आपले किनारे हमखास असतात. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. किल्ल्यातील एका भग्न चर्चमध्ये, जेथे फरशीवर जुन्या समाधिशिळा अजून आहेत, आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध बाई गुडघे टेकून प्रार्थना करीत होत्या. लग्नापूर्वीची छायाचित्रे काढायला आलेल्या एका जोडप्याबरोबरचा तरुण पुढे झाला आणि अदबीने म्हणाला, “आजी, जरा बाजूला व्हाल का? फोटोत येताय.” त्या उठल्या, आणि बाजूला झाल्या. मुलगा उद्धट नव्हता. त्याने वाचलेल्या यादीत त्या जागी फक्त ‘भव्य अवशेष’ होते, आजी नव्हत्या. तो प्रसंग आठवला की आम्हांला प्रामाणिकपणे एक प्रश्न पडतो : सिमल्यात, मुन्नारमध्ये, गुलमर्गमध्ये आपण स्वतः किती आजींना असे बाजूला केले असेल?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळच्या त्याच बैसरनच्या कुरणात २६ जणांची हत्या झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील संसारी माणसे होती, सुट्टीसाठी गेलेली. त्यांच्या घरांचे दुःख शब्दांत मावणारे नाही. मरण पावलेल्यांत एक स्थानिक घोडेवालाही होता. पाहुण्यांना वाचवायला तो पुढे झाला होता. त्या कुरणावर लिहिलेल्या किती लेखांत त्याच्यासारख्यांचा उल्लेख ‘घोड्यांची सोय उपलब्ध’ या तीन शब्दांपलीकडे गेला होता? ‘मिनी स्वित्झर्लंड’ या शब्दांत ना त्या माणसाला जागा होती, ना त्या खोऱ्याच्या कित्येक वर्षांच्या वेदनेला.

तर मग यादी फाडून टाकावी काय? मुळीच नाही. तिच्याकडून अधिक मागावे. ओटीवर येणाऱ्यांना आम्ही आता पुस्तिकेला तीन प्रश्न विचारायला सांगतो. हे ठिकाण कोणासारखे आहे ते सोडून, ते स्वतः कसे आहे, हे या लेखाने सांगितले का? पायऱ्या, उंची, पाणी, ऋतू यांचा खरा हिशेब दिला का? आणि तेथे कोण राहते, आपण गेल्याने त्यांचे काय वाढते व काय कमी होते, याचा एक तरी उल्लेख आहे का? चाळलेल्या पुस्तिकांपैकी पहिल्या प्रश्नाला थोड्या उतरल्या, दुसऱ्याला त्याहून थोड्या, तिसऱ्याला एकही नाही. जो लेख तिन्हींना उतरेल, तो दहा ठिकाणांऐवजी एकाच ठिकाणाविषयी असला तरी तोच घरी जपून ठेवण्याजोगा.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब मेघालयात जाऊन आले. सहल कंपनीबरोबर गेले नाही. चेरापुंजीला एका घरात चार दिवस उतरले. परतल्यावर भेटायला आले तेव्हा त्यांनी तेथले तमालपत्र आणले होते. घरधनीण बाईंचे नाव, त्यांना नातवंडे किती, धाकट्या मुलीकडे घर जाण्याची खासींची रीत कशी, हे आई आणि मुले एकमेकांचे बोलणे तोडीत सांगत होती. तेथे पाहिलेल्या मोठ्या धबधब्याचे नाव आम्ही विचारले. ते मात्र कोणालाच आठवेना.