पऱ्हाटीत न उतरलेला यंत्रमानव

मराठी विज्ञानकथेतला यंत्रमानव बहुधा शिकलेल्या घरातला असतो. प्रयोगशाळेत त्याचा जन्म होतो, शास्त्रज्ञांच्या सहवासात तो वाढतो आणि एक दिवस त्यांनाच अडचणीचे प्रश्न विचारतो. शेतात राबताना मात्र तो सहसा दिसत नाही. या साहित्यप्रकाराची मोठी उणीव मला तिथेच जाणवते.

जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही ऐंशीच्या दशकातली कादंबरी या वाटेवरची सर्वांत विचारी कृती. जमिनीखाली सापडलेल्या प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ज्ञानातून वामन घडतो आणि त्याला आपल्यासारखे आणखी यंत्रमानव घडवायचे असतात. निर्मिती निर्मात्याला डोईजड होण्याचे हे भय नारळीकरांनी फार संयमाने रंगवले आहे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी विज्ञानकथेला मेंदू, स्मृती, भावना, नीती अशा प्रश्नांपर्यंत नेले. 2021 साली नाशिकच्या 94व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, हा त्या साऱ्या परंपरेचाही सन्मान होता. तरीही या कथांमध्ये माणूसपण मोजले जाते ते बुद्धीने नाहीतर भावनेने. श्रमाने क्वचितच. खरे तर यंत्रमानव साहित्यात आला तो मजूर म्हणूनच.

कारेल चापेक या चेक नाटककाराने 1920 साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून ‘रोबो’ हा शब्द जगभर गेला. तिथले रोबो कारखान्यात घडवलेले स्वस्त मजूर आहेत. ते बंड करतात, मानवजात संपवतात आणि फक्त आल्क्विस्ट नावाच्या एका बांधकाम करणाऱ्या माणसाला जिवंत ठेवतात. कारण तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो. शेवटी दोन रोबो एकमेकांसाठी मरायला तयार होतात आणि त्यांच्यातले माणूसपण ओळखतो तोही हाच आल्क्विस्ट. शंभर वर्षांपूर्वीचे हे नाटक केळापूर तालुक्यात उभे राहून आठवले, तर ते परदेशी वाटत नाही.

केळापूर म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याभोवतीचा कापसाचा मुलूख, गोंड आणि कोलामांचा मुलूख. इथे वेचणी अजून हातानेच होते, बहुतेक बायांच्या हातांनी, आणि मजुरी किलोमागे ठरते. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. पाठीवर पंप, अंगावर रोजचेच कपडे. यंत्राने माणसाला इजा करू नये, असा नियम आयझॅक आसिमॉव्हने 1942 मध्ये कथेतल्या रोबोंसाठी घालून दिला होता. फवारणाऱ्या माणसाला मात्र आपण यंत्राइतकेही जपले नाही. आता फवारणीसाठी ड्रोन येऊ लागले आहेत. ते यायलाच हवेत, असे मला मनापासून वाटते. पण फवारणीची मजुरी ज्याच्या घरातून जाईल, त्या माणसाची कथा कोण लिहिणार?

सामग्री मराठीत आहे. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ कादंबरीतली राबणारी कौतिक आहे, सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ ही कादंबरी आहे. 2019 मध्ये यवतमाळच्या 92व्या साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीने केले. कष्टाने झिजणारे शरीर आपल्या ग्रामीण कादंबरीला ठाऊक आहे आणि विचार करणारे यंत्र विज्ञानकथेला. या दोन परंपरा अजून एका पानावर भेटलेल्या नाहीत. विज्ञानकथेला ग्रामीण वास्तव मागासलेले वाटत राहिले आणि ग्रामीण लेखकाला यंत्रमानव ही पुण्या-मुंबईची चैन.

वेचणारे यंत्र पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, उतरेल त्या हंगामाची कादंबरी मला वाचायची आहे. त्यात यंत्राला भावना आहेत की नाहीत, हा प्रश्न मागे पडला तरी चालेल. ज्या बाईकडे आजवर फक्त तिने वेचलेल्या किलोंच्या हिशेबाने पाहिले गेले, तिला त्या यंत्राकडे पाहताना काय वाटते, हे त्यात तिच्याच बोलीत आले पाहिजे.