घरोट आणि मायक्रोफोन

बहिणाबाई चौधरी 3 डिसेंबर 1951 रोजी गेल्या. त्याच्या चोवीस वर्षे आधी मुंबईत रेडिओ सुरू झाला होता आणि ग्रामोफोनच्या तबकड्या तर त्याहून जुन्या. तरीही या बाईंच्या आवाजाची एकही तबकडी आपल्याकडे नाही. सोपानदेवांनी आणि त्यांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतले तेवढेच उरले. 1952 साली ते अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपात आले. आपण ज्यांना सहजपणे 'गाणी' म्हणतो, त्यांची मूळ चाल आपल्या हाती नाही. आपल्या कानात आहे ती स्टुडिओत बांधलेली चाल.

हा स्टुडिओ मुंबईचा. 'मानिनी' (1961) या अनंत माने यांच्या चित्रपटात वसंत पवारांनी बहिणाबाईंच्या रचनांना चाली दिल्या आणि सुमन कल्याणपूर यांच्या आवाजात 'अरे संसार संसार' घराघरांत गेले. ते ध्वनिमुद्रण देखणे आहे, हे आधी मान्य करतो. माझी तक्रार एका अक्षराची आहे. छापील गाण्यात भाकर 'मियते', लोकांच्या ओठांवर ती 'मिळते'. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो. आसोद्याच्या बाईच्या तोंडी डोळा हा 'डोया' असतो. स्टुडिओच्या काचेपलीकडे बसलेल्या कुणाला तरी हा उच्चार बहुधा चूक वाटला असावा, किंवा मुंबई-पुण्याच्या श्रोत्याला तो कळणार नाही अशी भीती वाटली असावी. काहीही असो, यंत्राने बोलीला प्रमाण केले. आज जळगावच्या शाळेतल्या मुलीही स्पर्धेत 'मिळते'च म्हणतात.

दुसरी गोष्ट लयीची. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात आणि त्याच नावाची बहिणाबाईंची एक रचना आहे. घरोटावरची लय दाण्यावर अवलंबून असते. ज्वारीची मूठ तोंडात पडली की पाळ जड होते, हात रेटावा लागतो, ओळ लांबते. पीठ पडू लागले की फेरा मोकळा होतो आणि ओळ धावते. श्वास घ्यायची जागा खुंट्यावरचा हात ठरवतो. स्टुडिओत ती जागा वाद्यमेळ भरून काढतो. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत पायली दळण बसणारही नव्हते, हे खरे. पण त्या मापाची सवय कानाला अशी लागली की आता माप नसतानाही गाणे तेवढेच असते.

कॅसेटच्या काळाबद्दल फार लिहीत नाही. त्या काळाने अहिराणी विकता येते हे दाखवले, हे त्याचे श्रेय.

आता जळगाव-धुळ्यात एखाद्या घराच्या मागच्या खोलीतही स्टुडिओ उभा राहतो. भिंतीला फोम, फोम परवडला नाही तर गोधड्या. एक कंडेन्सर माइक, एक इंटरफेस, लॅपटॉप. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर असताना टेक चालू झाला की पंखा बंद करावा लागतो, आणि घाम पुसतही गायचे नाही, कारण पदराची सळसळ माइकमध्ये उतरते. या कष्टांची मला कदर आहे. मात्र तिथे ठेका आधी तयार असतो आणि गाणारी नंतर येते. कानातल्या हेडफोनमध्ये क्लिक टिकटिकत असते आणि ती दाण्याला ओळखत नाही. श्रावणातल्या कानबाईच्या गाण्यांचे काय होते पाहा. अंगणात सात-आठ जणी असतात, एक पुढे, एक मागे, एकीचा आवाज बसलेला, एखादी शब्द विसरलेली. स्टुडिओत एकाच मुलीकडून चार वेळा गाऊन घेतात आणि थर चढवतात. सूर सॉफ्टवेअरने सरळ केलेले. ऐकायला समूह वाटतो, पण तो एकीच्याच चार प्रतींचा. पुढे हळदीच्या डीजेसाठी खालचा बेस इतका फुगवतात की अहिराणी शब्द त्याखाली दबतात. ज्या बोलीच्या अभिमानाने गाणे केले, तीच ऐकू येत नाही!

याच यंत्रांनी वेगळे काम होऊ शकते, याचा दाखला पुणे जिल्ह्यात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्यासह त्यातल्या कितीतरी ओव्या गावातच, बायकांच्या घरी जाऊन मुद्रित झाल्या. सुमारे 120 तासांचा तो ठेवा आहे. कुणी त्याला श्रवणीय म्हणणार नाही. मी म्हणतो. तिथे माइक गाणाऱ्या बाईकडे गेला, बाईला माइककडे यावे लागले नाही. खानदेशात लेवा बोली आणि अहिराणी या दोन्हींसाठी हे काम त्या प्रमाणात मला दिसत नाही, आणि ज्यांना ओव्या पाठ आहेत त्या आज सत्तरीच्या पुढे आहेत.

दोन वर्षांपूर्वी धुळे तालुक्यातल्या एका गावी लहानसा रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. आजी म्हणाल्या, "घरोट कोठे शे आते?" घरोट खरेच नव्हते, त्याची खालची तळी दारात पायरी म्हणून बसवलेली. मग त्या भिंतीला टेकल्या आणि रिकामा हात हवेत फिरवत गायल्या. घरी आल्यावर मला त्या मुद्रणात दर फेऱ्याला बांगड्यांचा खळखळाट ऐकू आला. खरखर समजून मी तो सॉफ्टवेअरने काढून टाकला, आणि ओव्या एकदम लंगड्या झाल्या. मूळ फाईल सुदैवाने पुसली नव्हती.