साक्षरता-कार्यकर्त्यांचे प्रशिक्षणवर्ग आणि बोलीचा प्रश्न

प्रौढसाक्षरतेच्या चर्चेत प्रवेशिका कशी असावी, वर्ग कोणत्या वेळी भरवावेत, नवसाक्षरांसाठी कोणते वाङ्मय लिहावे, हे प्रश्न वारंवार पुढे येतात. ज्या माणसाच्या हाती ती प्रवेशिका द्यावयाची, त्या कार्यकर्त्याच्या तयारीचा विचार त्या मानाने थोडा होतो. आणि जो होतो तो बहुधा व्यवस्थेच्या अंगाने होतो. प्रशिक्षणवर्ग किती दिवसांचा असावा, त्याचा खर्च कोणी सोसावा, हजेरी व अहवाल कसे ठेवावेत, ह्यांची तपशीलवार योजना आखली जाते. परंतु वाचावयास शिकणारा प्रौढ वाचताना नेमके काय करीत असतो आणि ते शिकविणाऱ्याला कसे ओळखता यावे, हा ह्या वर्गांच्या गाभ्याचा प्रश्न मात्र कडेला राहतो. हा प्रश्न भाषेचा आहे. म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याकडे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

१

महाराष्ट्रातील साक्षरताकार्याचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक टप्प्यावर शिकविणारा माणूस बदलत गेलेला दिसतो. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेचा भार मुख्यतः प्राथमिक शिक्षकांवर होता. २ ऑक्टोबर १९७८ रोजी आरंभ झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमात अल्प मानधनावर काम करणारा अनुदेशक आला. मे १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता अभियानाची स्थापना झाल्यावर जिल्हावार संपूर्ण साक्षरतेच्या मोहिमा निघाल्या आणि विनामोबदला शिकविणारा स्वयंसेवक हा त्यांचा कणा ठरला. २००९ ते २०१८ ह्या काळात चाललेल्या साक्षर भारत योजनेत लोकशिक्षण केंद्रांवर प्रेरक नेमले गेले. परंतु प्रत्यक्ष अक्षरे शिकविण्याचे काम पुष्कळ अंशी स्वयंसेवकांकडेच राहिले. २०२२ साली सुरू झालेला नव भारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवेच्याच तत्त्वावर उभा आहे.

ह्या क्रमाचा अर्थ उघड आहे. अध्यापन हा ज्याचा व्यवसाय आहे अशा माणसाकडून ते काम व्यवसायाने शिक्षक नसलेल्या माणसाकडे आले. ह्यात गौण असे काही नाही. गावातल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीने शेजारच्या काकूंना वाचावयास शिकवावे, ही कल्पना उदात्त आहे आणि व्यवहार्यही आहे. पण शिक्षक जितका अननुभवी, तितके प्रशिक्षणवर्गाचे उत्तरदायित्व वाढते. प्रत्यक्षात घडते ते बरोबर उलट. मोहिमांच्या काळात प्रशिक्षण एखाद्या उतरंडीसारखे रचले गेले: तज्ज्ञांनी मुख्य प्रशिक्षकांना शिकवावे, मुख्य प्रशिक्षकांनी स्वयंसेवकांना. अशा रचनेत जे तोंडाने सांगता येते ते खालपर्यंत पोचते. जे सरावाने, विशेषतः कानाच्या सरावाने, अंगी बाणावयाचे असते ते वाटेत गळते. उद्दिष्टे, गाणी, पथनाट्ये आणि कोष्टके शेवटच्या पायरीपर्यंत सुखरूप उतरतात. शिकणाऱ्याचे वाचन ऐकण्याची कला मात्र पहिल्या पायरीवरही क्वचितच असते. मग ती खाली कोठून यावी?

२

ही उणीव किती महत्त्वाची आहे हे एका साध्या उदाहरणावरून कळेल. प्रवेशिकेत विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईचे चित्र आहे आणि खाली 'विहिरीला पाणी आहे' असे वाक्य छापले आहे, अशी कल्पना करावी. वर्गातील तीन स्त्रिया ते वाचतात. पहिली म्हणते, 'इहिरीला पानी हाय'. दुसरी अक्षरांवर बोट ठेवीत 'व...हि...र...ला' असे अडखळते आणि थांबते. तिसरी चित्राकडे पाहून तत्काळ म्हणते, 'बाई पानी काढतीया'.

ह्या तिघींची स्थिती सर्वस्वी भिन्न आहे. पहिलीला वाचता येते. तिने अक्षरे ओळखली, शब्द जुळविले, अर्थ जाणला आणि तो आपल्या बोलीच्या उच्चारात व्यक्त केला. दुसरीला अक्षरे येतात, पण मात्रांची आणि विशेषतः व्यंजनाच्या आधी लिहून नंतर उच्चारावयाच्या ऱ्हस्व वेलांटीची अडचण आहे; तिला लिपीच्या सरावाची गरज आहे. तिसरी अद्याप वाचतच नाही. ती चित्रावरून हुशारीने तर्क करते. तिघींना तीन प्रकारचे साहाय्य हवे, किंबहुना पहिलीला साहाय्य नव्हे, पुढचा धडा हवा. परंतु ज्या कार्यकर्त्याला हा भेद शिकविलेला नाही, तो तिघींनाही एकच गोष्ट सांगतो: 'चुकले, पुन्हा वाचा.' इतकेच नव्हे, तर त्याचा सर्वांत अधिक रोख पहिलीवरच असण्याचा संभव आहे. कारण तिच्या 'चुका' ठळकपणे कानावर येतात. 'पानी नव्हे, पाणी म्हणा. हाय नव्हे, आहे.' अशा रीतीने ज्या क्षणी तिला यश आले, त्याच क्षणी तिला अपयशाचा शिक्का मिळतो. पंचेचाळीस वर्षे जी भाषा तिने घरात, शेतात आणि बाजारात निःशंकपणे वापरली ती अशुद्ध आहे, हा तिच्या साक्षरतेचा पहिला पाठ ठरतो. प्रौढ माणूस मुलासारखा रडत नाही किंवा भांडत नाही. तो दुसऱ्या दिवसापासून वर्गाला येत नाही. अहवालात ही गोष्ट 'गळती' ह्या शीर्षाखाली जाते आणि तिचे कारण शेतीची कामे हे दाखविले जाते.

३

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की वाचन म्हणजे छापलेल्या अक्षरांचा यथार्थ उच्चार; 'पाणी' ह्या अक्षरांचा उच्चार 'पानी' असा करणे ही चूकच होय. हा आक्षेप सुशिक्षितांच्या स्वतःच्या वाचनाला लावून पाहिला तर टिकत नाही. 'षट्कोण' हा शब्द वाचताना मूर्धन्य 'ष' आणि तालव्य 'श' ह्यांतील भेद पाळणारे मराठी भाषिक किती आढळतील? 'ऋषी' मधील 'ऋ' सर्वत्र 'रु' सारखा उच्चारला जातो. 'घर' हा शब्द लिहिताना अंत्य 'र' पूर्ण लिहिला जातो, पण त्यातील 'अ' कोणी उच्चारीत नाही. 'संप', 'संत' आणि 'संगम' ह्यांत अनुस्वाराचे चिन्ह एकच असून उच्चार तीन आहेत. ह्यांपैकी कशालाही वाचनातील चूक म्हणत नाहीत, कारण ही शिष्टांची बोली आहे. म्हणजे लिपी आणि उच्चार ह्यांत अंतर ठेवण्याची मुभा सर्वांनाच आहे. फक्त ती मुभा शिकलेल्यांना न मागता मिळते आणि निरक्षराला नाकारली जाते.

ह्याहून बोलके उदाहरण 'च' ह्या अक्षराचे आहे. 'चार' आणि 'चाक' ह्या शब्दांतील 'च' चे उच्चार निराळे आहेत, आणि लिपीत त्यांच्यासाठी वेगळे चिन्ह नाही. तरीही कोणत्याही साक्षरतावर्गात हा भेद शिकवावा लागत नाही. शब्द ओळखू येताच शिकणारा आपल्या जिभेवर असलेला योग्य तो उच्चार आपोआप योजतो. ह्यावरून वाचनाची प्रक्रिया स्पष्ट होते. अक्षरे ही सूचना आहेत. शब्द पूर्ण होतो तो वाचणाऱ्याच्या मनातील भाषेच्या आधारे. 'च' च्या बाबतीत जी शक्ती कार्यकर्त्याच्या मदतीस येते, तीच शक्ती 'विहीर' चे 'इहीर' करते, तीच वऱ्हाडात 'डोळा' चा 'डोया' आणि 'काळा' चा 'काया' करते. तिचा एका ठिकाणी लाभ घ्यावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणी तिला दंड करावयाचा, हे तर्काला धरून नाही.

लेखनाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ह्या भेदाची जाणीव देणे हेही प्रशिक्षणाचे काम आहे. लेखन अनोळखी वाचकासाठी असते. म्हणून त्याला सर्वमान्य रूप लागते. शिकणाऱ्याने 'पानी' असे लिहिले तर 'पाणी' हे रूप त्याला शिकविलेच पाहिजे. पण ती दुरुस्ती लेखनाची आहे, तोंडाची नव्हे. 'आपण पानी म्हणतो, लिहिताना पाणी असे लिहितात,' एवढे सांगणे पुरेसे असते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ साली शासनमान्य झालेले नियम हे लेखनाचे नियम आहेत. अंत्य इकार व उकार दीर्घ लिहावेत असे ते सांगतात. लोकांनी कसे बोलावे हे ते सांगत नाहीत. 'शुद्धलेखन' ह्या शब्दातील 'शुद्ध' उचलून तो बोलण्याला चिकटविण्याचा प्रमाद शाळेत घडतो आणि शाळेत शिकलेला स्वयंसेवक तोच प्रमाद प्रौढवर्गात नेतो.

४

येथे दुसऱ्या टोकाचे एक मतही तपासले पाहिजे. काहींच्या मते ह्या सर्वावर उपाय म्हणजे प्रवेशिका बोलीतच लिहिणे. आरंभीच्या काही पाठांपुरता हा मार्ग उपयुक्त ठरू शकेल. परंतु प्रौढ माणूस वर्गाला येतो तो मुख्यतः एस. टी. ची पाटी, सातबाऱ्याचा उतारा, बँकेची पावती आणि मुलांच्या शाळेची चिठ्ठी वाचता यावी म्हणून. हे सर्व प्रमाण मराठीत असते. त्याला त्या भाषेपासून दूर ठेवणे हा सन्मान नव्हे. छापलेली भाषा प्रमाण असावी आणि ती वाचणारा आवाज त्याचा स्वतःचा असावा, हा मध्यम मार्ग अधिक न्याय्य आहे.

ज्यांची मातृभाषाच मराठी नाही त्यांचा प्रश्न ह्या विवेचनात बसत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा कुलातील भाषा आहे आणि गडचिरोलीतील गोंडी द्राविड कुलातील. तेथील प्रौढाला अक्षरांमागे उभा राहणारा मराठी शब्दच पुरेसा परिचित नसतो. वर पाहिलेली वाचकाची आंतरिक शक्ती तेथे मराठीच्या कामी येत नाही, आणि म्हणून तेथे मातृभाषेतून आरंभ करण्याचा पक्ष फार बळकट होतो. 'हाय' म्हणणारा साताऱ्याचा शेतकरी आणि कोरकूभाषक शेतमजूर ह्यांच्या शिक्षकांना एकच प्रशिक्षण देणे म्हणजे दोन निराळ्या रोगांना एकच औषध देणे होय.

५

स्वयंसेवकाजवळ वेळ थोडा असतो, त्याला भाषाशास्त्र कोठून शिकविणार, हा आक्षेप व्यवहाराचा आहे व त्याला उत्तरही व्यवहाराचेच दिले पाहिजे. येथे परिभाषेची गरज नाही. शिकणाऱ्या प्रौढांच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण त्यांच्या अनुमतीने करावे, ते वर्गात ऐकवावे, आणि प्रत्येक अडखळण्यापुढे बोली, लिपी किंवा तर्क ह्यांपैकी एक शब्द लिहावयास सांगावे. एका सकाळीत हा सराव चांगला होऊ शकतो. शिवाय स्वयंसेवकाला बोली नव्याने शिकवावयाची नाही. तो बहुधा त्याच गावचा असतो आणि घरी तीच बोलतो. वर्गात उभा राहताच तो पुस्तकी भाषेचा अंगरखा चढवितो आणि आपल्या आईच्या बोलण्यातील शब्द शेजारणीच्या तोंडी आला की तो खोडतो. प्रशिक्षणाने दूर करावयाची आहे ती त्याची ही लाज. ज्याला आपल्या बोलीची लाज वाटते तो दुसऱ्याच्या बोलीला मान देऊ शकत नाही.

ह्या उणिवेचा दोष केवळ साक्षरतेच्या संघटकांवर टाकणे योग्य होणार नाही. ना. गो. कालेलकरांचा 'ध्वनिविचार' १९५५ साली मराठीत प्रसिद्ध झाला. अ. मा. घाटगे ह्यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६५ साली कुडाळीवरील ग्रंथ निघाला. त्याच भागात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, सुमारे पाव शतकानंतर संपूर्ण साक्षरतेची मोहीम झाली. परंतु ते सर्वेक्षण इंग्रजीत आणि ध्वनिलिपीत आहे. अभ्यासकाला ते अमोल आहे, स्वयंसेवकाला अगम्य. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अलीकडे केलेल्या बोली-सर्वेक्षणाची सामग्री संगणकावर उपलब्ध आहे, हे शुभचिन्ह होय. पण सामग्री उपलब्ध असणे आणि ती प्रशिक्षणवर्गाच्या उपयोगी पडणे, ह्यांत अजून एक पायरी आहे.

ती पायरी बांधणे हे विद्यापीठीय विभागांचे कार्य आहे, आणि ते अवघड नाही. बोलीवर प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासोबत एका पानाचे उच्चारपत्रक सिद्ध करावे. त्या परिसरात 'ण' च्या जागी 'न' येतो काय, 'ळ' चे काय होते, शब्दारंभीचा 'वि' कसा उच्चारला जातो, 'आहे' ची कोणती रूपे चालतात, अशा दहाबारा गोष्टी साध्या मराठीत आणि देवनागरीत तेथे नोंदवाव्यात, आणि शेवटी एकच सूचना असावी: वाचताना हे ऐकू आले, तर ती चूक समजू नये. नव भारत साक्षरता कार्यक्रमात शिकणाऱ्यांची वाचन, लेखन व संख्याज्ञान ह्यांची चाचणी घेतली जाते. तोंडी वाचनाला गुण देणाऱ्या परीक्षकाच्या हाती असे पत्रक असेल, तर ज्या बाईने 'इहिरीला पानी हाय' असे वाचले तिला तिचे गुण मिळतील.