सामायिक कुरणाचा सिद्धान्त आणि कर्जतचा माळ

गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचा ‘सामायिकाची शोकांतिका’ हा निबंध 1968 च्या डिसेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जमिनीची मालकी, पशुपालन व निसर्गरक्षण यांच्या परस्परसंबंधाचा विचार करणाऱ्यास त्याला टाळून पुढे जाता येत नाही. त्यातील युक्तिवाद असा : कुरण सर्वांचे असेल, तर प्रत्येक गुराखी आपल्या कळपात एकेक जनावर वाढवीत जातो, कारण वाढीव जनावराचा लाभ त्याच्या एकट्याच्या पदरी पडतो आणि झिजलेल्या गवताचा तोटा मात्र सर्वांत वाटला जातो. परिणामी कुरणाचा नाश अटळ ठरतो. खाजगी मालकी अथवा सरकारी नियंत्रण हेच यावरील उपाय होत, असा या विवेचनाचा रोख आहे.

युक्तिवाद रेखीव आहे. परंतु तो कल्पनेतल्या कुरणावर उभा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात या दोन्ही उपायांची परीक्षा शेजारी शेजारी झाली असल्याने सिद्धान्त तेथे ताडून पाहणे उचित ठरते.

कर्जत हा पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण तालुका. येथील गायराने व पडीक माळ यांवर गावची गुरे व धनगरांच्या मेंढ्या चरत आल्या. पीक निघाल्यावर शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेई आणि मोबदल्यात धनगरास धान्य वा पैसा देई. हार्डिन यांचा गुराखी कोणाशी बोलत नाही, कोणाचे देणे लागत नाही. कर्जतच्या माळावरील धनगर मात्र करारांच्या व ऋणानुबंधांच्या जाळ्यात वावरतो. सिद्धान्तातील पहिली उणीव ही आहे.

सरकारी मालकीचे उदाहरण म्हणजे देऊळगाव-रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्य. 1980 साली स्थापन झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर आहे. संरक्षणामुळे काळवीट तेथे तगले, हे यश मान्य केलेच पाहिजे. परंतु काळविटास हद्दीचे दगड कळत नाहीत. तो बाहेर पडतो तो ज्वारी-हरभऱ्याच्या खाजगी शेतात. पीकनुकसानीची भरपाई शासन देते. तथापि वन्य प्राण्याला वर्षभर चारा पुरविणारा शेतकरी या व्यवस्थेत भागीदार न राहता तक्रारदार होतो.

माळढोक अभयारण्याचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. सोलापूर व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलेले हे अभयारण्य 1979 मध्ये घोषित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर होते. कर्जतचा माळ त्यात आला. यातील बहुतांश जमीन खाजगी होती; गावे, रस्ते, बाजारपेठा, सर्व काही त्या रेषेच्या आत होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 हा हक्कांची चौकशी करून ते संपादन करण्याची अपेक्षा धरतो. एवढ्या क्षेत्राबाबत ते अशक्यप्राय होते. मालकी शेतकऱ्याची आणि निर्बंध शासनाचे, अशी कोंडी निर्माण झाली व अखेरीस क्षेत्र घटवून सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान कुकडीच्या कालव्याचे व सीना धरणाचे पाणी आले, माळ नांगराखाली गेला, उसाचे क्षेत्र वाढले. जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या माळढोकास मोकळे गवताळ रान लागते. महाराष्ट्रात आज त्याचे दर्शनही दुर्मिळ झाले आहे. येथे गवताचा नाश मुख्यत्वे सामायिक चराईने केला नाही. तो खाजगी मालकाच्या सर्वस्वी वाजवी हिशेबाने केला. हार्डिन यांनी सुचविलेला उपायच येथे रोगाचे कारण ठरला.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, लोक स्वतः नियम घालून सामायिक साधने दीर्घकाळ राखू शकतात. हार्डिन यांनीही 1994 मध्ये आपले विधान ‘अनियंत्रित’ सामायिकापुरते मर्यादित केले. ही दुरुस्ती प्रांजळ होय; पण नियंत्रण कोणी करावे, हा प्रश्न तिने सुटत नाही. केनियात मसाई मारा अभयारण्याभोवतीची सामूहिक पशुपालन-क्षेत्रे वैयक्तिक मालकीत विभागली गेली; पुढे अनेक मालकांनी आपले तुकडे एकत्र करून पर्यटनसंस्थांना भाड्याने दिले आणि चराईवर मर्यादा स्वीकारली. वन्य प्राणी मालकाच्या उत्पन्नाचे साधन झाले. मात्र ज्याच्या नावे जमीन नाही, त्याला भाडेही नाही.

कर्जतसाठी हा इशारा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे 2003 पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने खाजगी वा सामुदायिक जमिनीवर मालकांच्या स्वेच्छेने समुदाय राखीव क्षेत्र घोषित करण्याची सोय झाली. माळ न नांगरण्याबद्दल शेतकऱ्यास नियमित मोबदला देता आला, तर तिचा उपयोग होईल. परंतु मोबदला केवळ सातबारा पाहून वाटला गेल्यास, पिढ्यान्‌पिढ्या त्या माळावर मेंढ्या चारणारा भूमिहीन धनगर पुन्हा बाहेरच राहील. कुरण कोणाचे, एवढेच हार्डिन यांनी विचारले. कर्जतच्या अनुभवावरून खरा प्रश्न निराळा दिसतो : कुरण राखण्याचा भार कोणावर आणि त्याचे फळ कोणाला? या दोहोंचा मेळ बसत नाही, तोवर मालकी सरकारी असो, खाजगी असो वा सामायिक असो, माळाचे रक्षण होणे कठीण आहे.