समोरच्या खुर्चीतला माणूस

मराठ्यांच्या जुन्या दप्तरांतील वकिलांची पत्रे वाचताना एक गोष्ट मनात भरते. दिल्ली दरबारी असलेले हिंगणे पुण्यास पत्र लिहितात, ते केवळ बोलणे काय झाले एवढे कळवून थांबत नाहीत. बोलणारा कसा आहे, त्याच्यामागे कोणाचे बळ आहे, आज गोड बोलतो तो उद्या काय करील, हेही ते धन्याला कळवतात. परदरबारी राहून आलेल्या माणसाचे लेखन मी याच कसोटीवर पारखतो.

श्री. विजय गोखले यांचा ‘द लाँग गेम’ हा 2021 साली निघालेला इंग्रजी ग्रंथ मी असाच पारखून वाचला. गोखले 2016 पासून 2017 पर्यंत चीनमध्ये आपले राजदूत होते आणि पुढे परराष्ट्र सचिव झाले. त्यांच्या जागी श्री. गौतम बंबावाले गेले, म्हणजे ओळीने दोन मराठी माणसांनी ती वकिलात सांभाळली. तेव्हा या ग्रंथाकडे मराठी वाचकाने थोड्या आपलेपणाने पाहिले तर त्यात वावगे नाही. पण आपलेपणा म्हणजे डोळे मिटून केलेली वाहवा नव्हे.

गोखल्यांनी सहा प्रकरणे निवडली आहेत : नव्या चीनला दिलेली मान्यता, तिबेटविषयीचा 1954 चा करार, 1998 च्या अणुचाचण्या, सिक्कीम, अमेरिकेशी झालेला अणुकरार आणि मसूद अझहरला दहशतवादी ठरविण्याचा प्रश्न. प्रत्येक वेळी चिनी मुत्सद्दी बोलणी कशी करतात, हे त्यांनी उलगडून दाखविले आहे. ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे ते दोष केवळ समोरच्याच्या पदरात टाकीत नाहीत. आपण तयारी किती केली, काय मागायचे हे आधी ठरविले होते काय, हे प्रश्न ते स्वकीयांनाच विचारतात.

1954 चे प्रकरण मला सर्वांत मोलाचे वाटले. 29 एप्रिल 1954 रोजी पेकिंग येथे आपले राजदूत राघवन आणि चीनचे उपपरराष्ट्रमंत्री चांग हान-फू यांनी करारावर सह्या केल्या. यातुंग व ग्यांत्से येथील आपल्या सैनिकी तुकड्या आपण काढून घेतल्या, टपाल व तारेची व्यवस्था सोडून दिली. सीमेचा निकाल मात्र लावून घेतला नाही. कराराची मुदत आठ वर्षांची होती. ती 1962 च्या जूनमध्ये संपली आणि ऑक्टोबरात तोफा धडधडल्या. मी खडकवासल्याचा. अर्धवट बांधलेल्या भिंतीमागे पाणी साठले म्हणजे काय होते, हे आमच्या गावाला निराळे सांगावे लागत नाही. 12 जुलै 1961 रोजी आधी पानशेत फुटले, मग आमचे धरण गेले. त्या करारामागेही विश्वासाचे पाणी असेच भरू दिले होते, आणि भिंत पुरी झालेली नव्हती.

इतके श्रेय दिल्यावर उणे सांगितले पाहिजे. या ग्रंथात चिनी मुत्सद्द्यांची रीत दिसते, माणूस दिसत नाही. सारे एकाच साच्यातून काढल्यासारखे भासतात. सरदार पणिक्कर यांचे ‘इन टू चायनाज’ (1955) शेजारी ठेवले की हा फरक ठळक होतो. 1950 च्या ऑक्टोबरात चाऊ एन-लाय यांनी मध्यरात्री त्यांना बोलावून कोरियाविषयी इशारा दिला. त्या रात्रीच्या कथनात आपल्याला एक जिवंत माणूस भेटतो. पणिक्कर मात्र त्या माणसावर फार लवकर भाळले, आणि तिबेटच्या बाबतीत ते भाळणे आपल्याला महाग पडले, असे माझे मत आहे. एकाजवळ चेहरा आहे, पारख नाही. दुसऱ्याजवळ पारख आहे, चेहरा नाही.

आणि चेहरे तर होते! 1950 साली नव्या चीनने दिल्लीस पाठविलेला पहिला राजदूत युआन चुंग-शिएन हा सेनापती होता. 1949 साली यांगत्से नदीत अडकलेल्या ‘ॲमेथिस्ट’ या ब्रिटिश युद्धनौकेबद्दल इंग्रजांशी वाटाघाट चालविणारा तोच. माओंनी असे कितीतरी सेनानी राजदूत करून परदेशी धाडले. अधिकारपत्र सादर कसे करतात, हे या मंडळींनी पडद्याआडून पाहून शिकून घेतले, अशी हकीकत सांगतात. मुत्सद्दी म्हणजे साध्या कपड्यांतील सैनिक, ही चाऊंची शिकवण होती. आयुष्य रणात गेलेला असा माणूस दिल्लीच्या मेजवान्यांत बसून आपल्याविषयी काय लिहून पाठवीत असेल? आपला कोणताही ग्रंथ हे मला सांगत नाही.

हा केवळ साहित्याचा प्रश्न नव्हे. 1962 नंतर 1976 पर्यंत दोन्ही देशांत एकमेकांचा राजदूत नव्हता. अलीकडेही, 2022 च्या ऑक्टोबरापासून 2024 च्या मेपर्यंत, दिल्लीतील चिनी राजदूताची खुर्ची रिकामी होती. खुर्ची रिकामी असली की तिच्यात आपण आपल्याच मनातले भूत बसवितो. खुर्ची भरलेली असूनही बसणाऱ्याला ओळखले नाही, तर निराळे काय होते?

आमच्या गावच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला पंडित नेहरूंनी 6 ऑक्टोबर 1949 रोजी बसविली. नव्या चीनची घोषणा त्याच्या पाचच दिवस आधीची. दोघांचे वय सारखे. त्या प्रबोधिनीतल्या मुलाच्या हाती गोखल्यांचा ग्रंथ अवश्य द्यावा. त्याने तो सावध होईल. पण सावध होणे आणि जाणणे यांत अंतर आहे. ते अंतर तोडणारा, हिंगण्यांच्या नजरेने पाहणारा आणि मराठीतच लिहिलेला ग्रंथ अजून यायचा आहे. तो लिहिण्याची ऐपत असलेले लोक आज आपल्यात आहेत, म्हणून ही मागणी आताच केलेली बरी.