थांबविलेले बाल्य

भयकथेत मुलाला पिशाच्च करणे हा वाचकास घाबरविण्याचा सोपा मार्ग होय. स्टीफन किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीत मेलेला मुलगा रात्री ओळखीच्या मुलाच्या खिडकीशी येऊन आत घेण्याची विनवणी करतो. हीच कादंबरी नारायण धारप यांनी ‘लुचाई’ या रूपाने मराठीत आणली. अशा प्रसंगाने अंगावर काटा येतो खरा. परंतु काटा येणे निराळे आणि अंतःकरण विदीर्ण होणे निराळे.

हे दुसरे कार्य ॲन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ (१९७६) या कादंबरीने केले. क्लॉडिया ही तीतील पाच वर्षांची अनाथ मुलगी. लुई या रक्तपिशाच्चाने आपल्याला सोडून जाऊ नये, एवढ्यासाठी लेस्टॅट तिला आपल्या जातीत ओढतो. दशके लोटतात, बुद्धी प्रौढ होते, देह मात्र पाच वर्षांचाच राहतो. लुई तिच्यावर माया करतो, पण तिच्या गळ्यात प्रथम त्याचाच दात रुतलेला असतो. पुढे मुलगी गमावलेली, बाहुल्या घडविणारी मॅडलीन येते. तिलाही न मरणारे मूल हवे असते. तात्पर्य, क्लॉडियाभोवतीच्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती आपल्या दुःखावरील औषध म्हणून हवी आहे. खरी शोकांतिका रक्तपानात नाही, येथे आहे.

राइस यांची स्वतःची कन्या १९७२ मध्ये, सहावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, रक्ताच्या कर्करोगाने निवर्तली होती. मूल कसेही करून राहावे, ही इच्छा त्यांना परकी नसणार. तरीही कादंबरी त्या इच्छेची भलामण करीत नाही. तिचे फळ किती भयंकर असते ते दाखविते, आणि हेच तिचे मोठेपण. उणीव एवढीच, की सारी कथा लुईच्या मुखातून येत असल्याने क्लॉडियाचा संतापदेखील त्याच्या विलापाचा भाग होऊन जातो. १९९४ च्या चित्रपटात तर तिचे वय वाढविल्यामुळे घावही बोथट झाला.

वय थांबलेला बालक आपल्या परंपरेतही आहे. तेलंगणातील पद्मशाली समाज ज्याला कुलपुरुष मानतो, तो मार्कंडेय सोळा वर्षांचाच राहिला. मग त्याची कथा शोकांत का होत नाही? मृकंड ऋषींनी अल्पायुषी पण गुणी पुत्र पत्करला होता. त्याला रोखून धरण्याचा सौदा केला नव्हता. शिवलिंगाला मिठी मारली ती मुलाने स्वतः. शिवाय त्याच्या ज्ञानाला जगात स्थान मिळाले. वनपर्वात प्रत्यक्ष पांडव त्याच्या मुखातून धर्मकथा ऐकतात. क्लॉडियाचे प्रौढपण मात्र कोणीही मानीत नाही. तिच्या हाती बाहुल्याच येतात.

आदिलाबादच्या वाचकाला यातील मर्म बासरच्या सरस्वती मंदिरात सहज उमगेल. (हे क्षेत्र २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे.) तेथे आईबाप लेकराच्या हातून पहिले अक्षर गिरवून घेतात. त्या अक्षरासरशी मूल मांडीवरून उतरू लागते, आणि ते उतरावे म्हणूनच तर ते गोदातीरी आलेले असतात. जी माया मुलाला वाढू देत नाही, ती कितीही गोड बोलली तरी पिशाच्चाचीच होय. वरवर अमंगळ वाटणाऱ्या या कादंबरीने सांगितलेले हे सत्य मंगलाची चाड असणाऱ्यांनी अवश्य विचारात घ्यावे.