निम्मी क्षमता की निम्मी वीज?

जून २०२५ मध्ये भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. ‘निम्मी वीज कोळशाविना’ हा त्याचा लावला जाणारा अर्थ मात्र चूक आहे. एक किलोवॉटचे सौर पॅनेल दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते. रात्रंदिवस चालणाऱ्या औष्णिक केंद्रातील तेवढीच क्षमता सुमारे १६. म्हणूनच २०२४-२५ मध्येही ७० टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

पण ‘कोळसा आपला, म्हणून आपण सुरक्षित’ हेही अर्धसत्यच. ऑक्टोबर २०२१ मध्ये मागणी वाढली, पावसाने खाणी अडल्या आणि केंद्रांत सरासरी चारच दिवसांचा साठा उरला. दुपारची वीज रात्रीसाठी साठवता येईपर्यंत कोळसा लागणारच. घाटघरसारखे उदंचन प्रकल्प म्हणूनच महत्त्वाचे. किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांतील फरक शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.